शंभर टक्के जगलेली बाग

अण्णा गेले तेही वेळेवर. सकाळचा चहा झाला होता, बागेला पाणी घालून झालं होतं, वर्तमानपत्राची घडी जिथल्या तिथे होती आणि पुढचं काम सुरू व्हायला थोडा अवकाश होता. त्या मोकळ्या वेळात त्यांनी आरामखुर्चीत मान टाकली. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने याहून कमी गैरसोय करावी अशी अपेक्षा कुणीच धरू शकत नव्हतं. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार सुंदर मरण." आत्या रडता रडता म्हणाली, "अण्णांचं सगळंच असं नीटनेटकं." आणि त्या क्षणापासून घरात अण्णांना देव करण्याचं काम जोरात सुरू झालं.

ते काम काकांनी अंगावर घेतलं. काका थोरले. घरातलं सगळं अंगावर घ्यायची तयारी त्यांनी अण्णा असतानाच करून ठेवली होती. फक्त अण्णा काही देत नव्हते. इंजिनिअरांच्या मंडळाच्या सभागृहात स्मरणसभा ठरली. कुणी काय बोलायचं तेही ठरलं. नोकरीबद्दल मंडळाचे अध्यक्ष, कुटुंबाबद्दल आत्या.

"आणि बागेबद्दल प्रश्नपत्रिका बोलेल," काका म्हणाले.

प्रश्नपत्रिका म्हणजे त्यांची पुतणी. एकदा पाहुण्यांनी कौतुकाने "कशी आहेस बाळ?" असं विचारलं तेव्हा सहा वर्षांच्या या मुलीने "कशाच्या तुलनेत?" असं उलट विचारलं होतं, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती विज्ञानाची पदवी घेऊन घरी बसली होती आणि तुलना करण्यासारखं घरात पुष्कळ होतं.

"मी? काका, मला बागेतलं काय कळतं?"

"तुला विज्ञान कळतं ना? अण्णांची बाग म्हणजे विज्ञानच. भावनांचं आत्या बघेल. तू जरा शास्त्रीय बोल. आणि हे बघ, त्यात प्रश्न नकोत. फक्त उत्तरं."

अण्णांनी सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात काढली. नदीकाठच्या पंपिंग स्टेशनवर ते कनिष्ठ इंजिनिअर म्हणून लागले आणि मुख्य इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांचा नियम एकच होता: एक पंप चालू असला की शेजारी दुसरा तयार हवा. त्यांच्या काळात शहराचं पाणी एकदाही तुटलं नाही, हे अगदी खरं होतं. पण खरी गोष्ट नुसती सांगितली तर सभेत शोभत नाही, म्हणून अध्यक्षांनी "शहराच्या नसानसांतून वाहणारे अण्णा" असं काहीतरी लिहून आणलं होतं. पाण्याची चव बघता हे वाक्य धोक्याचं होतं, पण ते असो.

घरातही हाच नियम. घरात दोन घड्याळं, दोन इस्त्र्या, गॅलरीत दोन दिवे. एक चालू, एक तयार. प्रत्येक बटणाखाली कशाचं बटण ते लिहिलेलं. काकांच्या जन्माच्या वेळी अण्णांनी स्वतः पाळणा बनवला, त्यात लोखंड इतकं की बाळाला झोका द्यायला दोन माणसं लागत. आत्या पहिल्यांदा परगावी शिकायला निघाली तेव्हा ते एक अक्षर बोलले नाहीत. रात्रभर बसून तिच्या ट्रंकेला दुहेरी बोल्ट मारत राहिले. ती ट्रंक पुढे कधी तुटली नाही. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती धड उघडलीही कधी नाही. अण्णांचं प्रेम ते असं. ते दिसायचं नाही, पण त्यावर ट्रक उभा केला तरी चाललं असतं.

आणि मग बाग. घराच्या मागे एक लांबट चौकोन होता. अण्णांनी दोरी ताणून, लेव्हल लावून त्यात वाफे पाडले. गुलाबांची एक रांग, शेवंतीची एक, जास्वंदीची एक. प्रत्येक झाडापुढे नंबराची पत्र्याची पाटी. पाणी घालायला खुणा केलेलं पत्र्याचं माप. प्रत्येक झाडाला रोज, त्याच वेळी, तेवढंच पाणी. उन्हाळा असो, थंडी असो, फरक नाही. पावसात अण्णा छत्री घेऊन पाणी घालत. कुणी हसलं तर शांतपणे सांगत, "पाऊस हा अनधिकृत पुरवठा आहे. तो हिशेबात धरता येत नाही."

तरीही बाग जगली. नुसती जगली नाही, तर इतक्या वर्षांत अण्णांचं एकही झाड मेलं नाही. मंडळाचे लोक ती बघायला येत, माना डोलावत आणि घरी जाऊन आपापली झाडं मारत.

समाचाराला माणसं येत होती तेव्हा एक गोष्ट पुतणीच्या लक्षात आली. सगळ्यांत जास्त रडला तो कोपऱ्यावरचा रोपवाटिकेवाला. आत्यापेक्षाही जास्त. बैठकीच्या खोलीत गालिच्याच्या कडेला बसून तो उपरण्याने डोळे पुसत होता आणि म्हणत होता, "असं माणूस पुन्हा होणे नाही. आमचा आधार गेला."

"अण्णा तुमच्याकडे यायचे?" पुतणीने विचारलं.

"छे! ते कशाला येतील? त्यांचं एक झाड कधी मेलं नाही!" एवढं बोलून त्याला नव्याने हुंदका आला.

ती यावर विचार करत होती तेवढ्यात काका उभे राहिले. घरची सगळी मंडळी होती, मंडळाचे अध्यक्ष होते, आणि काकांना प्रेक्षक आवडत.

"मी एक ठरवलंय," काका म्हणाले. "अण्णांची बाग आहे तशी राहणार. एक पाटीसुद्धा हलणार नाही. अण्णांच्याच पद्धतीने, अण्णांच्याच मापाने. मागच्या भिंतीला फाटक बसवू, मंडळातर्फे लोकांना बघायला आणू. अण्णांचं स्मारक दगडाचं नको, जिवंत हवं!"

अध्यक्षांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि प्रसंग आठवून पुन्हा मांडीवर ठेवले. आत्याला भरून आलं. आजी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर टेकवला.

"पद्धतीने?" आजी म्हणाली.

"तंतोतंत, आई. तू आहेसच ना देखरेखीला."

आजीचा चेहरा असा झाला की जणू अण्णा आत्ता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी भाषणाची सामग्री जमवायला बागेत गेली. एकही झाड मेलेलं नाही, ही गोष्ट तिला रात्रभर टोचत होती. कॉलेजात एकदा तिच्या गटाचा प्रयोग शंभर टक्के बरोबर आला होता, बाईंनी वही न उघडताच ती परत दिली आणि विचारलं होतं, "कुणाचं बघून उतरवलंत?" एवढ्या वर्षांत किडीने नाही, उन्हाने नाही, शेजाऱ्यांच्या मांजराने नाही, एकही झाड गेलं नाही? माणसं इतकी नियमाने जगत नाहीत, तर गुलाब कशाला जगतील?

ती गुलाबांच्या रांगेत उकिडवी बसली. पहिल्या नंबराचा गुलाब. घरात सांगितलं जाई की हा काकांच्या बारशाएवढा जुना... नाही, आजीच्या लग्नाएवढा जुना. कोण सांगतंय त्यावर ते अवलंबून असे. पत्र्याची पाटी खरंच तेवढी जुनी होती, गंजून लाल झालेली. पण झाडाचं खोड तिच्या करंगळीएवढं होतं. कलमाच्या गाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी अजून निघालेली नव्हती. तिने बोटाने माती उकरली. मुळांशी रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीचा तुकडा होता. दुसऱ्या नंबरालाही तसाच. तिसऱ्याला पिशवी दोन थरांत होती, एकीखाली एक.

आजी कपडे वाळत घालायला आली आणि नातीला मातीत हात घातलेली बघून थबकली.

"काय शोधतेस गं?"

"आजी, हा साठ वर्षांचा गुलाब गेल्या वर्षीचा आहे."

आजीने ओल्या चादरीचा पिळा बादलीत परत टाकला. आधी घराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग नातीकडे. "हळू बोल की जरा. काका दाढी करतोय."

"सगळेच?"

"लिंबू सोडून. लिंबू त्यांनी लावलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. नंबर नाही म्हणून ते त्याला पाणी घालत नसत. म्हणून जगलं."

पुतणी खाली मातीतच बसली. आजीने बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली. मग एखाद्या परक्या बाईबद्दल बोलावं तशी सांगू लागली. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. अण्णांनी पहिला गुलाब लावला, गणित करून पाणी घातलं आणि गुलाब वाळला. "मला वाटलं, दुसरं आणतील. ते काही नाही. ते वाळकं झाड मांडीवर घेऊन या पायरीवर बसले. जेवले नाहीत. कामाला गेले नाहीत. कागदावर नुसतं गणित, पुन्हा गणित. मी म्हटलं, अहो, झाड आहे, मरतं. तर म्हणाले, 'झाड मेलं नाही. मी चुकलो.' मला ते तोंड बघवेना बाई. ते आंघोळीला गेल्यावर मी पळत पळत जाऊन तसंच झाड आणलं आणि खड्ड्यात उभं केलं. म्हटलं, बघा, तग धरलाय की त्याने."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला?"

"आनंदाने वेडे झाले. आणि दुसऱ्या दिवशी पद्धत बरोबर आहे म्हणून अख्खी रांग लावली."

पुतणीला हसू आवरेना. आजीही हसली, पण तिचं हसणं लवकर आटोपलं.

"मग काय करतेस! अण्णा कामाला गेले की एक बदल, मंडळाच्या बैठकीला गेले की दोन बदल. निवृत्त झाल्यावर तर माझे हाल. दुपारी घोरायला लागले की मी पिशवी घेऊन मागच्या दाराने. एकदा त्या मेल्या रोपवाटिकेवाल्याने लालच्या जागी गुलाबी दिला. तर तुझ्या आजोबांनी जमिनीतल्या क्षारांवर व्याख्यान दिलं मंडळात. दोन तास!"

"अगं, मग सांगून टाक ना आता! ते गेले."

"काय सांगू? गेलेल्या माणसाला भर सभेत नापास करू?" आजीचा आवाज चढला आणि तिने तो लगेच खाली आणला. "त्यांना मी आयुष्यभर पास केलं ते काय यासाठी? पण मला सांग, माझी किती वर्षं राहिलीत आता? माझे गुडघे बघ. मला वाटलं होतं, आता हा चौकोन माझा. मला हवं ते, हवं तिथे, वाकडंतिकडं लावीन. मरेल ते मरेल. आणि हा तुझा काका म्हणतो, स्मारक! म्हणजे मी मरेपर्यंत चोरून झाडंच बदलायची?"

घरातून काकांचा आवाज आला, "आई, माझा टॉवेल?" आजी उठली. टॉवेल दोन होते, एक चालू, एक तयार. पण तयार टॉवेल कुठे असतो हे सांगणारी आजी मात्र एकच होती.

भाषण लिहायला पुतणीला दोन दिवस लागले. खोटं तिला लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहायचं नव्हतं. शेवटी तिने वाक्यं अशी काही घासली की त्यातलं एकही चूक ठरू नये. सभागृहात ती उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णांनी ज्या जागी झाड लावलं, ती जागा कधी रिकामी राहिली नाही." लोकांनी माना डोलावल्या. "या बागेमागे जी मेहनत होती, तिची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नाही." पुन्हा माना. "आणि अण्णांचा आपल्या पद्धतीवर जो विश्वास होता, तो शेवटच्या दिवसापर्यंत कुणीही डळमळू दिला नाही." इथे मागच्या रांगेतल्या रोपवाटिकेवाल्याला ठसका लागला.

तिच्याआधी आत्या ट्रंकेबद्दल बोलली होती. बोल्टपर्यंत आली आणि पुढे बोलूच शकली नाही. साऱ्या सभेतलं तेवढंच एक न लिहिलेलं भाषण.

शेवटी काकांनी स्मारकाची घोषणा केली आणि आजीला विचारलं, "आई, तू दोन शब्द?"

आजी बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती जागेवरूनच बोलली. "बाग यानेच सांभाळावी," ती काकांकडे बोट करून म्हणाली. "मी हात लावणार नाही. माझे हात थरथरतात, माप चुकतं. दुसऱ्याही कुणी हात लावू नये. पद्धत म्हणजे पद्धत. यांच्यासारखी, तंतोतंत."

काकांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत घरातली पहिली गोष्ट त्यांच्या अंगावर अधिकृतपणे पडली होती. पुतणीने आजीकडे पाहिलं. आजीचे हात मांडीवर होते आणि अजिबात थरथरत नव्हते.

काका खरोखर मनापासून लागले. पहाटे गजर लावून उठत, अण्णांची टोपी घालत, खुणेपर्यंत माप भरून नंबराप्रमाणे पाणी घालत. सरी आल्या तेव्हा छत्री घेऊन गेले. शेजारी बघत होते म्हणून त्यांनी "अनधिकृत पुरवठा" हे मोठ्याने म्हटलंही. भिंतीला फाटक बसवलं. रोपवाटिकेवाला दोनदा मागच्या दाराशी येऊन गेला, "आजी, लाल ठेवलेत हो काढून," म्हणाला. आजीने त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

सभेनंतर पुतणी आपल्या घरी परतली होती, पण दर आठवड्याला येत होती. कारण विचारलं तर आजीला भेटायला, असं सांगत होती. खरं तर इतका स्वच्छ प्रयोग तिला कॉलेजात कधी मिळाला नव्हता. पद्धत तीच, माप तेच, माती तीच. बदललेली गोष्ट एकच. आधी शेवंती पिवळी पडली. मग जास्वंदीची पानं गळायला लागली. काकांनी पाण्याची वेळ घड्याळाशी पुन्हा जुळवली, दोन्ही घड्याळांशी. मग एका रविवारी दुपारी ती आली तर पहिल्या नंबराचा गुलाब जागेवर नव्हता.

तो काकांच्या मांडीवर होता. काका पायरीवर बसले होते. टोपी शेजारी काढून ठेवलेली, गुडघ्यांवर माती. मुळं ओली चिंब आणि काळी पडलेली होती.

"जेवला नाहीये," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आजी म्हणाली. "काल संध्याकाळपासून."

"काका," पुतणी बाहेर जाऊन म्हणाली. "अहो, झाडच आहे ते."

काकांनी वर पाहिलं. या माणसाला ती आयुष्यभर फुगलेलाच बघत आली होती. हवा गेल्यावर तो केवढासा होतो हे तिला माहीत नव्हतं. "सगळं केलं मी," ते म्हणाले. "एक थेंब कमी नाही की जास्त नाही. तरी माझ्या हातून... अण्णा मला कधी पाण्याचं माप हातात देत नसत. बरोबर होतं त्यांचं."

पुतणी आत आली. तिने चपला घातल्या, पिशवी घेतली आणि मागच्या दाराची कडी काढली. रोपवाटिका कोपऱ्यावर होती. लाल ठेवलेले होतेच. काका एवढ्यात तोंड धुवायला उठतीलच...

"बस खाली," आजी म्हणाली.

"आजी, मला बघवत नाही त्यांचं तोंड."

"मलाही बघवलं नव्हतं." आजीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कडी लावली. "मी अश्शीच उठले होते. चपलासुद्धा अशाच उलट्यापालट्या घातल्या होत्या. बस. एकदा गेलीस की मग तुझी नातवंडं लग्नाची होईपर्यंत जात राहशील."

"मग खरं सांगते त्यांना. पद्धतच चुकीची आहे म्हणून. निदान स्वतःला तरी दोष देणार नाहीत."

आजीने खिडकीतून पायरीकडे पाहिलं. "त्याला झेपेल?" तिने विचारलं. "बापाचं तसलं खरं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." आजीने भात वाढला, त्यावर गरम वरण घातलं आणि ताट घेऊन ती गुडघे धरत पायरीवर गेली. लेकाच्या मांडीवरचा गुलाब तिने उचलून बाजूला ठेवला, अगदी सहज, रद्दी उचलावी तसा. "जेव. झाड मरतं. मी तुझ्या वडिलांना हे सांगितलं होतं, एकदाच. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही. तुला सांगते. जेव."

काका आईकडे बघत राहिले. पुतणीला वाटलं, आता ते विचारतील. एवढं वाक्य ऐकून कुठल्याही माणसाच्या डोक्यात प्रश्न यायला हवा: म्हणजे अण्णांचंही मेलं होतं?

पण काकांच्या डोक्यात प्रश्न यायची पद्धत नव्हती. त्यांनी भाताचा पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला त्यांचा चेहरा उजळला.

"कळलं मला," ते म्हणाले. "पद्धतीत चूक नाही. माप, वेळ, सगळं बरोबर. पण हात अण्णांचा होता! हात कुठून आणणार? ते गेले आणि झाडांनी ओळखलं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आता अभिमानाचं होतं. "मी मंडळात हेच सांगणार. ही बाग दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. आई, तूच घे हा चौकोन. लाव काय लावायचंय ते. स्मारक आपण सभागृहात करू, फोटो लावून. फोटोला पाणी लागत नाही."

पुतणीने तोंड उघडलं. एवढा निर्दोष प्रयोग आणि एवढा सदोष निष्कर्ष तिने एकत्र कधी पाहिला नव्हता. आजीने फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं. पुतणीने तोंड मिटलं आणि काकांना आणखी वरण वाढलं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा पाट्या उपटून भिंतीशी रचल्या होत्या. आजी मधोमध पाय पसरून बसली होती आणि पदरातल्या भोपळ्याच्या बिया, चिमणीला दाणे टाकावे तशा, कुठेही फेकत होती.

"थांब, थांब!" पुतणी म्हणाली. "किती अंतर ठेवायचं? आणि किती खोल?"

आजीने एक बी तिच्या तळहातावर ठेवली. "तू आपली फेक गं."

पुतणीने फेकली. ती कुठे पडली ते तिला दिसलं नाही.